भर उन्हात तुमच्या फुलांवर कोण कोण येतं?

गच्चीवाली | ९ एप्रिल, सकाळी ११:४०

पुण्यात चौथ्या मजल्यावर आमची गच्ची आहे. साठेक कुंड्या, दोन लांब वाफे आणि वेलांसाठी एक मांडव.

गेल्या वर्षी मार्चअखेर सोसायटीने डासांसाठी फवारणी करून घेतली. मी घरी नसताना त्या माणसांनी गच्चीतल्या झाडांवरही फवारा मारला. त्यानंतर दीड महिना भोपळ्याच्या वेलावर रोज फुलं यायची, पण फळ एकही धरेना. अंगठ्याएवढा भोपळा पिवळा पडायचा आणि गळायचा. खत कमी पडतंय असं वाटून मी शेणखत घातलं, केळीच्या सालींचं पाणी घातलं. शेवटी एका सकाळी सहा वाजता वेलाशेजारी स्टूल टाकून बसले. नऊ वाजेपर्यंत फुलं मिटायला लागली आणि तोवर एकही माशी फिरकली नव्हती. आधीच्या वर्षांत याच वेलावर सकाळी गुणगुण असायची, हे तेव्हा कुठे लक्षात आलं.

यंदा सोसायटीच्या सभेत बोलून गच्ची फवारणीतून वगळून घेतली. आणि वही घातली. कुठल्या फुलावर किती वाजता कोण आलं, एवढंच लिहायचं.

पंधरा दिवसांत एक गोष्ट पक्की कळली. प्रत्येकाची वेळ ठरलेली असते. भोपळ्यावर उजाडताच मधमाश्या आणि काळा भुंगा. तुळशीवर साडेसात ते दहा. ऑफिस टाइम (काहीजण चिनी गुलाब म्हणतात) ऊन चढल्याशिवाय उघडतच नाही, त्यामुळे त्यावरची गर्दी नऊनंतर. त्या फुलात काडीने हलकंच टोकून बघा. मधले पिवळे पुंकेसर काडीच्या दिशेने झुकतात. बारीक माशी आत उतरली की नेमकं हेच होतं आणि ती परागाने माखून निघते. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिथेच बसून राहिले.

बारा ते चार सगळं सामसूम. संध्याकाळी सहाला दोडका उघडतो, मग दुधी. त्यानंतर कोण येतं ते अंधारात नीट दिसत नाही.

तुमच्याकडे काय दिसतं? वेळ आणि फूल दोन्ही लिहा.

---

सातेरी_पेटी | ९ एप्रिल, दुपारी २:१५

ताई, वही घातलीत हे फार बरं केलंत. मी महाबळेश्वर भागात मधपेट्या ठेवतो. आमच्याकडे जांभळाचा बहर उतरणीला लागलाय, आता हिरडा येईल.

घरच्या बागेत येणाऱ्या माश्या सहसा चार प्रकारच्या. सातेरी ही आपली पेटीत राहणारी, झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत एकाआड एक पोळी बांधते. फुलोरी सातेरीहून लहान, पोटाचा वरचा भाग तांबूस, तळहाताएवढं एकच पोळं उघड्यावर फांदीला लटकवते. आग्या मोठी, तिचं मोठं पोळं उंच इमारतींना किंवा झाडांना असतं, त्याच्या वाटेला जाऊ नये. आणि पोयाची माशी, मुंगीएवढी काळी, तिला डंख नसतो, ती भिंतीच्या फटीतून मेणाची बारीक नळी बाहेर काढते. ऑफिस टाइमवर तुम्हाला दिसतात त्या बारीक काळ्या माश्या बहुधा याच.

भुंग्याबद्दल मुद्दाम सांगतो. वांगी आणि टोमॅटोच्या फुलात पराग एका बंद नळीत असतो, टोकाला फक्त बारीक छिद्र. मधमाशीला तो काढता येत नाही. भुंगा फुलाला मिठी मारतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो आणि पराग मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसा झरतो. त्या वेळी त्याचा आवाज बदलतो, उडतानाच्या आवाजापेक्षा बारीक आणि तुटक होतो. वांग्याशेजारी उभं राहिलं तर डोळे मिटूनही कळतं. बहाव्याच्या फुलांवरही तोच आवाज ऐकू येईल.

---

खिडकीतली_बाग | ९ एप्रिल, रात्री ९:०५

आमची नवी मुंबईतली बाल्कनी जेमतेम चार फूट. बोगनवेलीत तळहाताएवढं पोळं झालंय. घरात दोन वर्षांचं बाळ आहे. शेजारच्या काकू म्हणतात जाळून टाका. काय करू?

---

सातेरी_पेटी | ९ एप्रिल, रात्री ९:३२

जाळू नका. वर्णनावरून फुलोरी दिसते. ती स्वभावाने गरीब. पोळ्याला धक्का लागला तरच चावते. तेवढ्या फांदीला पाणी घालताना फवारा मारू नका, छाटणी पुढे ढकला आणि बाळासाठी तो कोपरा खुर्ची आडवी टाकून बंद करा. फुलोरा कमी झाला किंवा ऊन फार तापलं की ती आपोआप जागा बदलते. बाळाला किंवा घरात कोणाला डंखाची ॲलर्जी असेल तर मात्र थांबू नका, माश्या न मारता पोळं हलवणाऱ्या जाणकाराला बोलवा.

---

वऱ्हाडी_ऊन | १० एप्रिल, सकाळी ७:२०

नागपूर. आमच्याकडे आत्ताच पारा बेचाळीसला टेकलाय, नवतपा (मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस) तर अजून दीड महिना लांब आहे. फुलं म्हणाल तर मोगरा, कण्हेर, सदाफुली आणि पिवळा कॉसमॉस, एवढीच टिकतात. पण माश्या सगळ्यात जास्त दिसतात त्या फुलांवर नाही, कूलरवर.

दुपारी एक वाजता कूलरच्या खसच्या ताटीवर ओळीने बसून पाणी ओढत असतात. आधी वाटायचं वाळ्याच्या वासाने येतात. मग एकाने सांगितलं की पोळं गार ठेवायला नेतात. पाण्याचे थेंब पोळ्यात पसरवायचे आणि पंखांनी वारा घालायचा. म्हणजे जे आपण खोलीत करतो तेच.

त्रास एकच. कूलरच्या टाकीत रोज दहा-पंधरा बुडून मरायच्या. सकाळी टाकी उघडली की तरंगताना दिसायच्या, मन खट्टू व्हायचं. मग अंगणात मातीची नांद ठेवली, तिच्यात विटांचे तुकडे टाकले आणि काठावरून पाण्यात गोणपाट सोडलं. गोणपाट ओलं राहतं, माश्या त्यावर बसून पितात, बुडत नाहीत. पण नवी जागा त्यांना लगेच पटत नाही. चार दिवस नांद कूलरच्या अगदी शेजारी ठेवली, मग रोज हातभर सरकवत आंब्याखाली नेली. आता कूलरवर तुरळक येतात.

नांदेचं पाणी दर तिसऱ्या दिवशी ओतून घासतो, नाहीतर डास.

---

सातेरी_पेटी | १० एप्रिल, सकाळी ८:४०

हातभर सरकवायची युक्ती अगदी बरोबर. माशी पाण्याची जागा पक्की लक्षात ठेवते. पोळ्यात जिथे पिल्लं असतात तिथलं तापमान तिला ३४-३५ अंशांच्या आसपास ठेवावं लागतं, बाहेर बेचाळीस असो वा पंचेचाळीस. म्हणून उन्हाळ्यात मधापेक्षा पाणी आणणाऱ्या माश्यांचं काम मोठं असतं.

पाण्यात साखर घालू नका. मुंग्या येतात आणि दुसऱ्या वसाहतीतल्या माश्यांशी मारामाऱ्या होतात.

---

अंगणातली_सुमन | ११ एप्रिल, दुपारी ४:१०

मला एक विचारायचंय. आमच्या सासूबाईंनी शिकवलंय की तुळशीच्या मंजिऱ्या वाढू द्यायच्या नाहीत, खुडायच्या. झाड दमतं, वाळतं. मी तीस वर्षं खुडतेय. आणि इथे सगळे म्हणताय तुळशीवर माश्या येतात. मग खुडू की नको?

---

गच्चीवाली | ११ एप्रिल, संध्याकाळी ६:५०

सुमनताई, सासूबाईंचं चूक नाही. बी धरलं की तुळस पानं कमी काढते, हे खरंच आहे. माझी तोड अशी: वृंदावनातल्या तुळशीच्या मंजिऱ्या खुडते, पूजेला पानं तिचीच लागतात. आणि मंजिऱ्यांतूनच उगवलेली तीन रोपं मागच्या वाफ्यात आहेत, त्यांना हात लावत नाही. शेजारी सब्जाही सोडलाय. माझ्या वहीत तुळस आणि सब्जाएवढी गर्दी दुसऱ्या कुठल्याच फुलावर नाही. फूल किती बारीक, आणि पाहुणे किती.

---

जास्वंदी | १३ एप्रिल, सकाळी १०:२५

माझी तक्रार पाहुण्यांची नाही, घरजावयांची आहे. जास्वंदीला पिठ्या ढेकूण दर उन्हाळ्यात. कळ्या गळतात, पानं काळी पडतात. गेल्या वर्षी नर्सरीतून इमिडाक्लोप्रिड आणून मुळाशी घातलं, महिनाभर छान गेलं. धागा वाचून आता भीती वाटतेय. चुकलं का?

---

रानवाटा | १३ एप्रिल, दुपारी १:००

जास्वंदीताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. हे औषध झाडात भिनतं. मुळाशी घाला नाहीतर पानावर मारा, ते झाडभर फिरतं आणि फुलातल्या मकरंदात आणि परागातही उतरतं. कीड मरते, आणि त्याच झाडाच्या फुलावर आलेली माशीही बाधते. युरोपीय संघाने २०१८ मध्ये शेतात उघड्यावर त्याच्या वापरावर बंदी घातली ती मधमाश्यांच्याच कारणाने. आपल्याकडे ते सर्रास मिळतं, आणि कुंडीशेजारी उभं राहून कोणी हे सांगत नाही.

पिठ्यासाठी मी काय करतो ते लिहितो. आधी पाण्याच्या जोरदार धारेने शेंडे धुतो. मग जुन्या टूथब्रशने खोडाच्या बेचक्यातली पांढरी पूड खरवडतो. लिटरभर पाण्यात पाच मिली नीमतेल आणि थोडं साबणाचं पाणी, ते सूर्य मावळल्यावर, फक्त शेंड्यांवर आणि पानांच्या मागे. उमललेल्या फुलावर कधीच नाही. आणि मुंग्यांचा रस्ता तोडतो, कारण मुंग्याच पिठ्याची राखण करतात. तो जो गोड चिकटा सोडतो तो त्यांना हवा असतो, आणि त्याच चिकट्यावर बुरशी वाढून पानं काळी होतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. फवारा उचलायच्या आधी भिंग घेऊन बघा. त्या पांढऱ्या गर्दीत एखादा पिठ्या इतरांपेक्षा दुप्पट-तिप्पट मोठा, अंगावर लांब मेणाच्या झिरमिळ्या आणि चालायला चपळ असा दिसला, तर तो पिठ्या नाहीच. ती क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची (लेडीबर्ड) अळी आहे. पिठ्यासारखी दिसते आणि पिठ्याच खाते. मी स्वतः दोन उन्हाळे तिला 'मोठा पिठ्या' समजून चिरडत होतो. ज्या वर्षी सोडून दिली त्या वर्षी तीन आठवड्यांत जास्वंद साफ झाली.

---

जास्वंदी | १४ एप्रिल, सकाळी ९:१५

भिंग घेऊन बसले. चार सापडल्या. चारही पळत होत्या. झाडाला हात लावत नाही आता.

---

माडाखालचा | १६ एप्रिल, रात्री ८:३०

रत्नागिरीहून. आमच्याकडे उन्हाळ्यात कुंभारीण माशी, तिलाच भिंगुरटीही म्हणतात. दाराच्या चौकटीत, खुंटीवर, देवघरातल्या समईमागे, जिथे जागा मिळेल तिथे मातीचं मडकं घडवते. विहिरीजवळच्या ओल्या मातीचे गोळे तोंडात धरून आणते, एका मडक्याला कित्येक खेपा.

लहानपणी कीर्तनात ऐकलेला दृष्टांत होता, अळीला भिंगुरटीचा एवढा ध्यास लागतो की ती शेवटी भिंगुरटीच होते. आजोबा ते मडकं दाखवून सांगायचे, आत अळी ठेवलीय, बघ, बाहेर पडेल ती कुंभारीण होऊन. मोठेपणी एक पडलेलं मडकं उघडून पाहिलं. आत आठ हिरव्या अळ्या, जिवंत पण हलत नव्हत्या, आणि एका बाजूला कुंभारणीचं पिल्लू त्या खात होतं. डंख मारून त्यांना लुळं करून ठेवते, मारत नाही, म्हणून अन्न ताजं राहतं. आजोबांनी पाहिलं ते खरंच होतं. आत अळी गेली आणि बाहेर कुंभारीण आली. मधलं तेवढं कोणाला दिसलं नव्हतं.

सांगायचा मुद्दा, त्या आठ अळ्या बहुतेक आमच्या माठाच्या वाफ्यातल्याच. तेव्हापासून घरातली मडकी आम्ही पाडत नाही. फक्त प्लगच्या भोकांवर चिकटपट्टी लावतो, तिथे ती हमखास माती भरते.

---

ठाणेकर_मी | १९ एप्रिल, सकाळी ११:१०

अडेनियम फुलांनी भरलं होतं. चार दिवस गावी गेले, आले तर नुसत्या काड्या. करंगळीपेक्षा जाड हिरवी अळी, डोक्यामागे दोन निळे डोळे, शेपटीला शिंग. नवरोबांनी फोटो काढलाय, मी मात्र रडवेली झालेय.

---

रानवाटा | १९ एप्रिल, दुपारी १२:०५

कण्हेरीवरचा पतंग. निळे डोळे खोटे आहेत, पक्ष्याला घाबरवण्यासाठी. कण्हेर, तगर, अडेनियम, सगळी चिकाची विषारी झाडं तिला चालतात. अडेनियम मरणार नाही, खोडात पाणी साठवलेलं असतं, महिन्याभरात नवी पानं येतील. अळी उचलून अंगणातल्या कण्हेरीवर किंवा तगरीवर ठेवा. तिचा पतंग झाला की हिरव्या-गुलाबी संगमरवरासारखा दिसतो, आणि तिन्हीसांजेला फुलासमोर हवेत स्थिर राहून सोंड लांब करून मध पितो. गच्चीवाली ताई, तुमच्या दुधीवर अंधारात येणाऱ्यांत त्याचे भाऊबंद असू शकतात. दिव्यावर लाल कागद लावून बघा, त्या उजेडाने ते फारसे बिथरत नाहीत.

---

परसदार_न्यूजर्सी | २० एप्रिल, पहाटे ५:४०

इथे अजून थंडी आहे, उन्हाळी फुलं जूननंतर. पण एक जोडते. इकडे मोनार्क फुलपाखरासाठी लोक मुद्दाम मिल्कवीड लावतात, कारण त्याच्या अळ्या दुसरं काही खात नाहीत. पहिल्यांदा ते रोप पाहिलं आणि पान तोडल्यावर पांढरा चीक आला तेव्हा आमच्या साताऱ्याच्या माळावरची रुई आठवली. एकाच कुळातली निघाली. आणि रुईवर वाढणारं ते केशरी, काळ्या-पांढऱ्या कडांचं फुलपाखरू मोनार्कचं जवळचं नातेवाईक. कुंपणालगतची रुई तोडू नका, एवढंच सांगायला लिहिलं.

---

वऱ्हाडी_ऊन | २० एप्रिल, सकाळी ७:०५

तोडत नाही ताई. मारुतीला शनिवारी हार लागतो.

---

मोगरावेडी | २४ एप्रिल, सकाळी ८:२०

मोगऱ्यावर कोणी लिहिलंच नाही! माझ्याकडे बटमोगरा आहे, वास सगळ्या वाड्यात, पण माशी एक बसत नाही. आणि कळ्या जांभळट पडून भोक दिसतं ते वेगळंच.

---

गच्चीवाली | २४ एप्रिल, संध्याकाळी ७:१५

बटमोगऱ्यात पाकळ्यांवर पाकळ्या. दुहेरी-तिहेरी फुलांत बरेचदा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे माशीला तिथे पराग नाही आणि आत शिरायला वाटही नाही. जास्वंदीचं हेच, आणि भरगच्च झेंडू-झिनियातही माशीला फारसं काही मिळत नाही. नर्सरीत आपण भरगच्च फूल निवडतो. मी या वर्षीपासून प्रत्येक जातीची निदान एक कुंडी एकेरी पाकळीची घेते. झिनियात फरक लगेच दिसला, एकेरीवर फुलपाखरं, दुहेरी नुसतीच शोभेला.

भोकाच्या कळ्या म्हणजे कळी पोखरणारी अळी. अशा कळ्या रोज सकाळी खुडून पिशवीत बांधून टाका, झाडाखाली पडू देऊ नका. आठ-दहा दिवस नेटाने केलं तर बरंच आटोक्यात येतं.

---

खिडकीतली_बाग | २ मे, दुपारी ३:३०

फुलोरीचं पोळं अजून आहे. बाळ खुर्चीमागे उभं राहून 'माची, माची' करतं. काकूंनाही आता बघायची सवय लागलीय.

माझ्या काकडीला फळ मात्र धरत नाही. पोळं दोन फुटांवर असून!

---

गच्चीवाली | २ मे, रात्री ८:४५

उन्हाळा कडक असला की काकडी, भोपळा, दुधी यांच्यावर नर फुलंच जास्त येतात. फुलामागे बारीकशी काकडी असेल ती मादी, नुसता देठ असेल तो नर. आधी मादी फुलं आहेत का ते बघा.

असतील तर हाताने करा. सकाळी आठच्या आत ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलक्या हाताने सगळीकडून फिरवायचा. एका मादीला दोन नर वापरले तर फळ वाकडं होत नाही. दुधी आणि दोडक्याचं हेच काम दिवेलागणीला, कारण त्यांची फुलं तेव्हा उमलतात. लोक दुधीचं सकाळी करतात आणि मग जमत नाही म्हणतात.

तुमच्या माश्यांचं म्हणाल तर, त्यांना त्याच वेळी खाली कुठे गुलमोहर किंवा ताम्हण फुललेलं मिळत असेल. चार काकडीच्या फुलांपेक्षा त्या तिकडेच जाणार.

---

सातेरी_पेटी | २० मे, सकाळी ६:५०

आज जागतिक मधमाशी दिन. आमच्या शेजारचं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव झालं, तिथे गावाने ठरवून माश्या जपल्या आहेत. गच्चीवरही ते करता येतं हे या धाग्यावर रोज बघतोय. पावसाआधीचा हा महिना माश्यांना जड जातो. पाण्याची भांडी आता रिकामी पडू देऊ नका.

---

गच्चीवाली | २९ मे, रात्री ९:५०

मांडवावर तीन भोपळे धरलेत. मोठा दोन किलोच्या आसपास असेल. एकाही फुलाला मी हात लावला नव्हता, मुद्दामच.

पण लिहायला आले ते दुसरंच. आज संध्याकाळी साडेसहाला मागच्या वाफ्यातल्या तुळशीची वाळलेली मंजिरी कापायला कात्री घेऊन गेले. आता तिच्यावर फूल नाही, म्हटलं पाऊस यायच्या आत साफ करू. हात पुढे केला आणि थांबले. एकाच वाळक्या दांडीवर सात माश्या, एकीखाली एक, ओळीने. पोटावर फिकट निळे पट्टे, चमकदार. पाय दांडीला टेकलेले नव्हतेच, सगळ्या फक्त जबड्याने काडी पकडून आडव्या लटकलेल्या. मला वाटलं मेल्यात. फुंकर घातली तर एकीने मागचा पाय हलवला.

सातेरी_पेटी यांना फोटो पाठवला. निळ्या पट्ट्यांच्या माश्यांचे नर आहेत म्हणाले. माद्या जमिनीत बीळ करून राहतात, नरांना घर नसतं, ते रात्री असे काडीला दात रोवून झोपतात. वांग्यावर भुंग्यासारखाच थरथराट करून पराग झाडणारी ही माशी. म्हणजे दोन महिने माझ्या वांग्यांवर येत होती आणि वहीत मी तिला नुसतं 'निळसर, घाईची' असं लिहून ठेवलं होतं.

आठ वाजता वळवाची सर आली. टॉर्चवर लाल कागद लावून धावत वर गेले. दांडी वाऱ्याने पार वाकत होती, थेंब बसत होते. सातही तिथेच होते. कात्री घरात ठेवून दिलीय.